रिकामी आली की जाते

वीज कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतात ती माणसं, असं करंट मास्तरांचं ठाम मत होतं. हे मत ते आपल्या दुकानातल्या बंद पंख्याखाली घाम पुसत सांगत. मास्तर गाड्यांच्या वायरिंगचं काम करत. जे काम कोणाला जमत नाही ते शेवटी आपल्याकडे येतं, असं ते मानत. जे काम कोणी घेत नाही ते मास्तर घेतात, असं गिऱ्हाइकं मानत.

सिमेंटवाल्या काकूंची पिकअप अशीच आली. आधी ती मास्तरांच्या साडूकडे जाऊन आली होती. साडूचं गॅरेज चकचकीत, गाडी तपासायला कॉम्प्युटर. कॉम्प्युटर म्हणाला, गाडीत दोष नाही. साडू म्हणाला, मग नाही.

म्हणून काकूंनी मास्तरांना फोन लावला. "लाइट जाते हो," त्या म्हणाल्या. "गाडी घरी आली की. रोज नाही, मधूनच."

मास्तरांनी डोळे मिटले. "रिकामी असताना जाते की भरलेली असताना?"

 हे काकूंना आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"खरंच की," त्या म्हणाल्या. "रिकामी आली की जाते. दुसऱ्या दिवशीचा माल भरून आली की नाही जात. आता आमच्याकडे काय होतं, मास्तर..."

"पुढचं माझ्यावर सोडा, काकू."

पेशंटने दुखणं सांगावं, डॉक्टरकी करू नये, हा मास्तरांचा दुसरा सिद्धान्त. त्यांनी फोन ठेवला.

गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरने, दिव्यांचा आपल्याला तरी कधी त्रास झाला नाही, असं सांगून पाहिलं. मास्तर म्हणाले, तू गाडीच्या पुढे बघतोस, मी आत बघतो. ड्रायव्हर चावी ठेवून निघून गेला.

इथवर सगळं ठीक होतं. पण सुट्टीच्या दिवशी सासुरवाडीला जेवताना साडूने भाजीची वाटी पुढे सरकवत विचारलं, "काय साडूभाऊ, नसलेला फॉल्ट सापडला का?" सासरे हसले. मेहुणी तर ठसका लागेपर्यंत हसली. मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला आणि भर पंगतीत शब्द दिला: फॉल्ट सापडला नाही तर दुकानाची पाटी उतरवीन आणि तुझ्या हाताखाली कॉम्प्युटर शिकायला बसेन.

"खुर्ची पुसून ठेवतो," साडू म्हणाला.

बायकोने कपाळाला हात लावला. पाटीवर तिच्या सासऱ्यांचं, म्हणजे मास्तरांच्या वडिलांचं, नाव होतं.

मास्तर कामाला भिडले. बॅटरीची टोकं खरवडली, फ्यूज बदलले, इंजिन चालू ठेवून वायरींचा जुडगा हलवून बघितला. दिवे ढिम्म. माणसाचा दात दवाखान्याच्या पायरीवर दुखायचा थांबतो, तसं गाड्यांचंही असतं. तीन दिवस त्यांनी पिकअपमध्ये वाळूची पोती भरली, उतरवली, पुन्हा भरली. बायकोला दिव्यांसमोर स्टूल देऊन बसवलं.

"गेला का?" ते गाडीखालून विचारत.

"नाही."

"आता?"

"अहो, तो जाणार नाही. तुम्ही आत असेपर्यंत मलाच कुठे जाता येतंय."

मग एकदा पोती उतरवताना मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. गाडी भरली की बॉडी चासीवर दाबून बसते. रिकामी झाली की उचलली जाते. म्हणजे दोघांमधला अर्थ, अर्थिंगची जोडणी, सुटत असणार! ते पुन्हा गाडीखाली शिरले. अर्थची पट्टी खरोखरच गंजलेली होती, बोल्ट बोटाने फिरत होता. अर्थ सुटला की पुढचं सगळं व्यर्थ, असं मास्तर गाडीखालूनच मोठ्याने म्हणाले आणि कोणी ऐकलं नसेल म्हणून बाहेर येऊन पुन्हा म्हणाले.

त्यांनी तांब्याची जाड, विणलेली पट्टी बसवली. दिवे असे लखलखले की समोरच्या दुकानदाराने डोळ्यांवर हात धरला. बायको दिव्यांकडे बघत राहिली. सासऱ्यांच्या हातचंच काम वाटतंय, एवढंच ती म्हणाली, पण मास्तरांची छाती शर्टात मावेना. संध्याकाळी तिने स्वतःहून नवी साडी नेसली आणि बहिणीला फोन करून सांगितलं की तुझ्या नवऱ्याला काकूंच्या घरी पाठव, बघू दे.

दिवस मावळताना मास्तर रिकामी पिकअप स्वतः चालवत निघाले. शेजारी बायको, मागून मोटारसायकलवर साडू. काकू दारातच उभ्या होत्या. घरात दिवे, पंखा, रेडिओ, सगळं चालू. मास्तरांनी ऐटीत गाडी फाटकातून आत घेतली. गाडीवरचा ताडपत्रीचा लोखंडी सांगाडा वर कशाला तरी घासला आणि त्याच क्षणी सगळं घर काळोखात बुडालं. रेडिओ गप्प झाला.

मास्तरांना ही वेळ साधल्यासारखी वाटली. अंधारात त्यांचे दिवे अधिकच खुलून दिसत होते. ते खाली उतरले, त्या झगझगीत प्रकाशात उभे राहिले आणि साडूकडे वळून शांतपणे म्हणाले, "कॉम्प्युटरला अर्थ कळत नाही, साडूभाऊ. त्याला माणूस लागतो."

साडू मान वर करून बघत होता. सांगाड्याच्या टोकाने खांबावरून घराकडे जाणारी वायर हातभर उचलून धरली होती.

"बघा, गेली ना परत," दारातून काकू म्हणाल्या.

"कुठे गेली, काकू? दोन्ही दिवे चालू आहेत."

"गाडीची नाही हो," काकू म्हणाल्या. "घरातली."