दुसऱ्या पिढीचा दौरा

प्रविणनं फुलाफुलांचा शर्ट घातला, काळा चष्मा लावला आणि शेततळ्याच्या काठावर जाऊन उभा राहिला. मागं तळ्यात अंथरलेल्या निळ्या प्लास्टिकच्या कागदावर पाणी चमकत होतं. वरून नारळाची एक झावळी लोंबत होती. पायापाशी त्यानं आठवणीनं नारळ मांडले होते. ते सत्काराचे होते, त्यामुळं त्यांना हळदकुंकू लागलेलं होतं. वर्षाराणी ते ओढणीनं पुसत होती.

"आहो, जरा हसा की," ती म्हणाली. "अंदमानला आलोत आपण."

अंदमान तिथून लई लांब होतं. हे चौसाळ्याच्या पुढं त्रिंबकमामाचं शेत होतं. आदल्या दिवशी पुण्याहून विमान या नवराबायकोला न घेताच उडालं होतं, आणि कारण कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. आधी वडवणीजवळच्या त्यांच्या गावात पारावर सत्कार झाला. मग वडवणीच्या चौकात झाला. बीडच्या बायपासला तर पाहुण्यांनी जीपच आडवी लावली. प्रत्येक ठिकाणी फेटा, शाल, नारळ. सत्काराला नको म्हणणारा माणूस या जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे. बायपासला प्रविणला दोन शब्द बोलायला सांगितलं. ते पाऊण तास चालले.

गावच्या वेशीत फ्लेक्स लागला होता, 'दुसऱ्या पिढीच्या अंदमान दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा'. पहिली पिढी म्हणजे प्रविणचे वडील, शिवशंकरराव. उपसरपंच झाले त्या वर्षी ते बायकोला घेऊन अंदमान करून आले, आणि तेव्हापासून समुद्राबद्दल गावात शेवटचा शब्द त्यांचा. तिकडच्या समुद्राला लाटा नसतात, असं ते सांगत. शाळेतल्या गुरुजींनी एकदा शंका काढली, तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "तुमी गेलतात का?" गुरुजी गेले नव्हते. विषय मिटला. त्या दौऱ्याचा फोटो घरी बैठकीत होता. चंदनाचा हार सोडला तर बाकी सगळा मान त्या फोटोला होता.

आता अशा माणसाच्या पोराचं विमान चुकलं हे कळल्यावर गाव काय करणार, हे प्रविणला माहीत होतं. गावातला हनुमान आपल्या लग्नात घोड्यावरून पडला होता. आज त्याला नातवंडं आहेत, तरी तो पडका हनुमानच आहे. पण गावाचं एक वेळ चाललं असतं. वडिलांच्या तोंडाकडं कसं बघायचं, ते त्याला कळत नव्हतं.

निघताना आईनं, सत्यशीलाबाईंनी, हळूच कानात सांगितलं होतं, वाटेत कुठं उतरू नका. पिशवीत डासांच्या कॉइलचा पुडाही टाकला होता. अंदमानला कशाला कॉइल, म्हणून प्रविण तिला हसला होता.

त्रिंबकमामा आईचा चुलतभाऊ. शेतात एकटाच राहायचा आणि बोलणं वाया घालवायचा नाही. पहाटे हे दोघं बॅगा आणि फेटे घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा त्यानं काही विचारलं नाही. मोटारीच्या खोलीचं कुलूप काढलं, झाडू हातात दिला आणि नारळाखालचं गवत उपटायला गेला.

सकाळी वर्षाराणीच्या आईचा फोन आला होता. शेजारी पाण्याची मोटार चालू होती. हा समुद्राचा आवाज का गं, असं आईनं विचारलं. वर्षाराणी हो म्हणाली. मग ती तळ्याच्या शिडीवर पाण्यात पाय सोडून बराच वेळ बसून राहिली. तिनं आजवर समुद्र पाहिला नव्हता. विमान चुकल्यापासून ती प्रविणला एका शब्दानं टोचून बोलली नव्हती. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

आता तिनं मोबाईल खताच्या पोत्याला टेकवला आणि पळत येऊन त्याच्याशेजारी उभी राहिली. फोटो निघाला. प्रविणनं तो घरच्या ग्रुपवर टाकला. लगेच अंगठे आले, बदाम आले. आत्यानं लिहिलं, 'केवढं निळं पाणी'.

मग फोन वाजला. वडिलांचा होता. प्रविण उभाच होता, तो आणखी सरळ झाला.

"पोचलाव का?"

"हौ आप्पा."

पलीकडं बैठकीतली माणसं बोलत होती. मग ते आवाज लांब गेले आणि दार लावल्याचं ऐकू आलं. प्रविणला घाम फुटला. शर्टावरची सगळी फुलं पाठीला चिकटली. वर्षाराणी त्याच्याकडं बघत होती. सांगून टाकावं, असं त्यानं ठरवलं.

"आप्पा, एक सांगायचं होतं."

"बायपासला उतरलास ना?"

"उतरलो," प्रविण म्हणाला.

शिवशंकरराव एकदम हळू आवाजात म्हणाले, "फ्लेक्सवाला फोटोसाठी बसलाय. पण तुझ्या मागं लाइटीचा खांब दिसतोय. नारळाच्या डाव्या अंगाला सरक. आमी तिथंच उभे होतो."