तारांचा पाना

गुडघा निकामी झाल्यावर शर्यतीच्या शिडाच्या होडीत बायकोशेजारची त्याची जागा धाकट्या भावाने घेतली. याच्याकडे उरला फक्त पाना. वारा बघून डोलकाठीच्या तारा हाच आवळायचा, हाच सैल करायचा. आज वारा पडलेला. तारा ढिल्या हव्या. पण धक्क्यावर दोघं टाळी देऊन खिदळली आणि याच्या पोटात दुखलं. वादळ आल्यागत त्याने तारा करकचून आवळल्या. बसा म्हणावं रखडत! "झालं, दादा?" भावाने विचारलं. "फक्कड जमलंय!" तो म्हणाला. बायकोने जाता जाता तारेवर टिचकी मारली. तार टणकन वाजली. ती थबकली. नवऱ्याकडे न बघताच तिने हात पुढे केला. त्याने पाना दिला. तिने एकेक तार सैल केली. "काय झालं, वहिनी?" "यांचा वाऱ्याचा अंदाज चुकला," म्हणत तिने पाना दिराच्या हाती ठेवला, "यापुढे हा तुझ्यापाशीच राहू दे."