वेल्डरचा उजवा हात

"हा नको," मामा म्हणाला आणि प्रमोटरचा फोन त्याच्या हातात परत दिला.

फोनवर वेल्डरचा फोटो होता. वेल्डर म्हणजे सध्याचा चॅम्पियन. बॉक्सिंगमध्ये येण्याआधी तो खरोखरच वेल्डिंग करायचा. त्याचा उजवा पंच ज्यांनी खाल्ला होता, त्यांतल्या बऱ्याच जणांना तो आठवत नव्हता.

त्याआधी प्रमोटरने दोन नावं दाखवली होती. एक चाळिशीला टेकलेला माजी चॅम्पियन, त्याचा उजवा खांदा दोनदा निखळलेला. दुसरा डावखुरा, उजवा हात नावालाच. या दोघांना मामाने लगेच होकार दिला. प्रमोटर म्हणाला, या दोघांना बघायला त्यांच्या बायकासुद्धा येणार नाहीत. वेल्डर असला तर हॉल भरेल. मग तो गप्प्याकडे वळला. आपण पाच वाजेपर्यंत खाली ऑफिसात आहोत, करार तयार आहे, आणि तेवीस वर्षांच्या माणसाला सही करायला मामा लागत नाही, एवढं सांगून तो जिना उतरला.

गप्प्या हे नाव त्याच्या कमी बोलण्यावरून पडलेलं. तो मामाच्या बहिणीचा मुलगा. बाराव्या वर्षापासून मामाच्या हाताखाली याच जिममध्ये वाढलेला. अकरा लढती, अकरा विजय. नववा प्रतिस्पर्धी मनगटाचं प्लास्टर काढून महिन्याभरात रिंगमध्ये आला होता, तो दुसऱ्या राउंडला आडवा झाला. दहावा उंच होता आणि लढतभर डाव्या हातानेच टोचत राहिला, तो पाचव्यात गेला. अकराव्याने आठही राउंड काढले, पण उजवा हात हनुवटीपासून हलवला नाही. गप्प्या गुणांवर जिंकला. एका पेपराने लिहिलं की हा मामा बाजारात भाजी निवडावी तसे प्रतिस्पर्धी निवडतो. गप्प्याने ते दोनदा वाचलं होतं.

आणखी एक गोष्ट होती, ती कोणालाच माहीत नव्हती. आठव्या लढतीनंतर त्याच्या डाव्या डोळ्याच्या कडेला काहीतरी करडं दिसायला लागलं. सूज असेल, असं त्याला वाटलं. सूज उतरली, करडं तसंच राहिलं आणि मग वाढलं. आता डावीकडे उभ्या असलेल्या माणसाला तो आवाजावरून ओळखायचा. तपासणीच्या वेळी तो रांगेत शेवटी उभा राही आणि पुढचे लोक तक्त्यावरची अक्षरं वाचत, ती पाठ करी. मामाला सांगितलं तर मामा त्याच दिवशी सगळं बंद करणार. म्हणून त्याने ठरवलं होतं, वेल्डरशी एकदा लढायचं, चॅम्पियनचा पट्टा घ्यायचा आणि मग थांबायचं.

"मामा, मी सही करणार आहे," तो म्हणाला.

मामा पॅड खुंटीला अडकवत होता. त्याने नुसती नाही म्हणून मान हलवली. त्या मान हलवण्याने गप्प्याचं डोकं फिरलं आणि अकरा लढतींचं साचलेलं सगळं बाहेर आलं. लोक हसतात, तो म्हणाला. तू मला नुसते मोडके हात आणून देतोस. तुझ्याच्याने दहा लढतींच्या पुढे जाववलं नाही, कंटाळा आला म्हणून घरी बसलास, आणि आता दुसरा कोणी पुढे गेलेला तुला बघवत नाही.

मामाने सगळं ऐकून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मोडके हात म्हणालास ना? कुठले हात मोडके होते, आठव."

गप्प्याने आठवलं. त्याला जरा वेळ लागला. प्लास्टर उजव्या मनगटाला होतं. उंच माणसाने उजवा हात वापरलाच नाही. अकराव्याने तो हनुवटीला चिकटवून ठेवला. समोरच्याचा उजवा पंच आपल्या डावीकडून येतो, हे मामाने त्याला बाराव्या वर्षीच शिकवलं होतं.

तो बाकावर बसला. कधीपासून माहीत आहे, एवढंच त्याने विचारलं. मामा म्हणाला, आठव्या लढतीनंतरच्या सोमवारपासून. डावीकडचं पॅड मारायला तुला उशीर व्हायला लागला. तेव्हाच थांबवायला हवं होतं. पण तू जिंकत होतास आणि मलाही ते आवडत होतं. म्हणून शोधून शोधून माणसं आणली. आता तशी दोनच उरलीत.

मामाने आपली चूक कबूल केली, तरी गप्प्याचा बेत काही बदलला नाही. तो उठून उभा राहिला.

"एकच लढत, मामा. एका डोळ्यावर एक लढत निघेल. कोणाला कळणार पण नाही."

"नाहीच कळणार," मामा म्हणाला. "तुला तरी कुठे कळलं?"

त्याने स्वतःच्या उजव्या डोळ्यावर तळहात घट्ट दाबला. डावा डोळा उघडाच होता आणि सरळ गप्प्याकडे बघत होता. "मार," मामा म्हणाला.

गप्प्याने मूठ वळली. ती सावकाश पुढे नेली आणि मामाच्या पापणीपासून बोटभर अंतरावर थांबवली. पापणी हलली नाही.

"मारलंस का?" मामाने विचारलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना गप्प्या खाली ऑफिसात गेला. प्रमोटरने खुर्ची दिली, करार पुढे सरकवला, पेनाचं टोपण काढून पेन त्याच्या हातात ठेवलं. गप्प्याने ते टेबलावर ठेवलं आणि डोळ्यांचा एखादा चांगला डॉक्टर ओळखीत आहे का, असं विचारलं.

 प्रमोटरने करार हळूच स्वतःकडे ओढून घेतला.

"कोणाला दाखवायचंय?"

"दोघांना," गप्प्या म्हणाला.