धोंडुबाईंच्या नावाची पाटी

"संडासावर आमच्या आईचं नाव?" हंबीररावांनी चहाचा कप खाली ठेवला. "लोक काय म्हणतील?"

कोल्हापुरातल्या एका समाजसेवी क्लबच्या हॉलमध्ये अनुदानाची बैठक चालली होती. टेबलापलीकडे क्लबची मंडळी, अलीकडे बनाबाई आणि तिची सून राजनंदिनी. त्यांच्या गावच्या आठवडी बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या बायकांसाठी शौचालय हवं, असा अर्ज राजनंदिनीनं लिहिला होता. कागद चोख होते, जागा ग्रामपंचायतीनं देऊ केली होती. पण यंदाचं अनुदान हंबीररावांच्या देणगीतून निघायचं होतं, आणि जे उभं राहील त्यावर त्यांच्या आईचं, धोंडुबाईंचं, नाव लागायचं होतं. क्लबची रीतच तशी.

अध्यक्ष विजयसिंह घाईनं मध्ये पडले. "दुसरा अर्ज तालमीच्या कमानीचा आहे, हंबीरराव. भर चौकात. वर लायटिंग."

हंबीररावांची मान होकारार्थी हलू लागली, तशी बनाबाई घाबरली. कमान कितीही उंच बांधली तरी तिच्या आडोशाला बाई बसू शकत नाही, हे या शहाण्यांना कोण सांगणार? बाजारादिवशी पाण्याचा घोट घ्यायचा नाही, ही सासूची सवय सुनेनं उचलली होती. गेल्या उन्हाळ्यात लघवीच्या जळजळीनं राजनंदिनी तापानं फणफणली, तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. आज नाही म्हणाले तर येणारा उन्हाळाही तसाच.

राजनंदिनी काहीतरी बोलायला उठत होती. बनाबाईनं तिला हातानंच बसवलं.

"सायेब, तुमच्या आई काय करायच्या?"

"लोणी विकायची. बाजाराला बसायची." हंबीररावांचा आवाज चढला. "त्याच्यावर शिकलो आम्ही."

"दिसभर बसायच्या?"

"दिवस मावळंपर्यंत."

"मग मधी कुठं जात हुत्या?"

विजयसिंह वरच्या पंख्याकडे बघू लागले. संपलं, बनाबाईला वाटलं. तिच्या जिभेला हाड नाही, असं तिचा नवरा म्हणायचा ते काही खोटं नव्हतं. दात्याच्या मेलेल्या आईबद्दल भरल्या बैठकीत असलं कुणी विचारतं का? उरलीसुरली आशाही आपणच मातीत घातली म्हणून ती स्वतःवरच चिडली.

"घरी आली की लोण्याची बुट्टी दारातच टाकायची," हंबीरराव म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला होता आणि बोलणं गावाकडचं झालं होतं. "आमी पोरं उंबऱ्यात वाट बघत बसल्याली. तिचं लक्षच नसायचं. तशीच मागच्या परड्याकडं आडोशाला पळायची. मी रुसून बसायचो. आईला आपली मायाच न्हाई, असं वाटायचं."

त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला. मग डोळे पुसले.

"कमानीचं पुढच्या साली बघू," ते विजयसिंहांना म्हणाले. "ह्यांचं मंजूर करा."

विजयसिंहांनी सही केली. बनाबाईचा जीव भांड्यात पडला. टेबलाखाली राजनंदिनीनं तिचा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या, पण बनाबाईनं तो सोडवून घेतला नाही.

"आणि पाटीचं कसं करायचं?" विजयसिंहांनी अदबीनं विचारलं. "आतल्या भिंतीवर बारीक अक्षरात घालू या का नाव?"

"बाहेर घाला. मोठ्या अक्षरात," हंबीरराव म्हणाले. "लांबनं दिसलं पायजे. बाईला घाई असती."