नमुना सही

"सही जुळत नाही," विद्यापीठाच्या ऑफिसात खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या.

त्यांनी दोन कागद शेजारी शेजारी धरले. एक होता दोन वर्षांपूर्वीचा प्रवेशअर्ज. त्यावर मुलीच्या बाबांची नमुना सही होती, डौलदार, शेवटी लांब शेपटी वळवून घेतलेली. दुसरा आजचा, पालकाच्या संमतीचा फॉर्म. त्यावरची सही कुणी चालत्या गाडीत बसून केल्यासारखी वाटत होती. दाखवायची काही गरज नव्हती. मुलीला दिसतच होतं.

तिने सांगून पाहिलं. झटका आल्यापासून बाबांचा उजवा हात गेलाय, ही सही डाव्या हाताची आहे. पालकाने समक्ष यायला हवं म्हणालात, म्हणून पाच तास गाडीत घालून आणलंय, ते काय, भिंतीपाशी चाकाच्या खुर्चीत बसलेत. त्यांच्यासाठीच तर घराजवळच्या विद्यापीठात जायचंय. आई त्यांना एकटी उचलते, आता आईचीच कंबर कामातून गेलीय. तिथे तिसऱ्या वर्षाला एकच जागा उरलीय आणि आज पाचच्या आत इथलं ना हरकत पत्र ईमेलने पोचलं नाही तर तीही जाईल.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. बाई वाईट नव्हत्या. डॉक्टरांचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र आणलं तर नमुना सही बदलून मिळते, असं त्यांनी समजावून सांगितलं. आठ दिवस लागतात.

"आठ दिवसांनी मी त्याचं काय करू, मॅडम?"

मुलीने कोरा फॉर्म मागितला, बाबा पुन्हा करून बघतील म्हणाली. बाईंनी तो दिला, पहिला फॉर्म स्वतःपाशी ठेवला आणि खिडकी साडेचारला बंद होते याची आठवण करून दिली. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

ती बाबांपाशी आली. रुमालाने त्यांच्या ओठांची कड पुसली आणि काय झालं ते सांगितलं. बाबांनी मान डोलावली. अठ्ठावीस वर्षं ते बँकेच्या काउंटरवर सह्या जुळवत बसले होते. यांच्या डोळ्यात भिंग बसवलंय, असं बँकेतले लोक म्हणायचे.

"बरोबर... आहे... त्यांचं," बाबा म्हणाले. हल्ली प्रत्येक शब्द त्यांना ओढून आणावा लागे.

मुलीला त्यांचा राग आला. आजारपणात पहिल्यांदाच आला, आणि चांगला सणकून आला. तिकडे प्रवेश मिळाला नाही तर तिने शिक्षण सोडून घरी यावं, असं आईने कालच सांगून टाकलं होतं. ओरडून सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं. आईने हात जोडून सांगितलं.

फाइलवर एक जुनं पाकीट पालथं घालून तिने बाबांच्या डाव्या हातात पेन दिलं. त्यांनी चार वेळा सही केली. प्रत्येक सही आधीच्यापेक्षा वाईट. चौथ्या वेळी पाकिटाचा कागद फाटला आणि पेन खाली पडलं.

तिने ते उचललं, पण परत दिलं नाही.

"बाबा, मी करते."

बाबांनी डोळे मिटून घेतले. सातवीत असताना तिने प्रगतिपुस्तकावर त्यांची सही ठोकली होती. बाबांनी ती जेवता जेवता लांबूनच ओळखली आणि दुसऱ्या दिवशी तिला शाळेत नेऊन सगळ्या वर्गासमोर माफी मागायला लावली. ते दोघांनाही आठवत होतं.

"बाबा, मला शिकायचंय हो," ती म्हणाली. खिडकीपाशी आवरून धरलेलं रडू आता आलं. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत.

मग बाबांनी डोळे उघडले आणि डाव्या हाताचं बोट पाकिटावर टेकवलं. आधी इथे.

तिने सही केली. बाबांनी मान जरा मागे घेतली, हनुवटी वर केली आणि बँकेत बघत तसं बघितलं. नाही.

"शेपटी... हात... न उचलता."

तिने पुन्हा केली.

"घाई... दिसते."

पाचवी सही झाली. बोट पाकिटावरून उचलून त्यांनी कोऱ्या फॉर्मवर ठेवलं.

चार पंचवीसला तिने खुर्ची खिडकीपाशी आणली. बाईंनी नवा फॉर्म प्रवेशअर्जाशेजारी धरला. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मग अर्धवट उठून खिडकीतून खाली डोकावल्या. बाबांचा उजवा हात मांडीवर पडून होता, दुसऱ्या कुणाचातरी असावा तसा.

बाई खाली बसल्या.

"काका, ही सही तुमचीच ना?"

"माझी."

बाईंनी शिक्का उचलला, पण मारला नाही. बाजूला ठेवलेला पहिला फॉर्म त्यांनी पुढे ओढला. एका नावाचे दोन फॉर्म फाइलला लावता येत नव्हते. एकावर रद्द लिहायचं होतं, आणि रद्द का, तेही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"मग ही कुणाची?"

मुलगी काहीतरी बोलणार होती. बाबांनी डावा हात वर करून तिला थांबवलं. ती सही करायला त्यांना सकाळी घरी पाऊण तास लागला होता. आईने दोन्ही हातांनी कागद दाबून धरला होता, आणि झाल्यावर दोघंही दमून हसले होते. बाबा मान जरा मागे घेऊन त्या सहीकडे बघत राहिले.

"ती," ते म्हणाले, "खोटी आहे."