थांबवायला आलेला

"आता पुरे, बंद करा," एवढंच सांगायला थोरला आयसीयूत आला होता. आईला आणि भावजयीला त्यानेच समजावलं होतं. घरातला कर्ता तो. वाईटपणा घ्यायचा तर त्यानेच घ्यायचा.

"डॉक्टर, जरा बोलायचं होतं."

"आलोच," म्हणत डॉक्टर शेजारच्या पेशंटकडे गेले.

धाकटा खाटेवर निपचित होता. न्यूमोनियाने दोन्ही फुप्फुसांची पार वाट लावलेली. मांडीतल्या नळीतून काळपट रक्त बाहेर यायचं, यंत्रातून प्राणवायू घेऊन लालभडक व्हायचं आणि मानेतून परत आत जायचं. छाती हलतच नव्हती. याला काय जगणं म्हणायचं, थोरल्याच्या मनात आलं.

तेवढ्यात यंत्र बंद पडलं.

पडदा काळा. लाल नळी बघता बघता काळवंडायला लागली.

"अहो! बंद पडलं! बघताय काय नुसते?" थोरला किंचाळला. आपलाच आवाज त्याला ओळखू आला नाही.

टेक्निशियन बाई झेपावली. तिने नळीला चिमटा लावला, पंप काढून हाताने चालवायच्या मोटरवर बसवला, चिमटा सोडला आणि हँडल गरागरा फिरवायला लागली. नळी पुन्हा लाल झाली. डॉक्टर धावत येऊन व्हेंटिलेटरशी झटायला लागले. सिस्टरने दुसरं यंत्र ढकलत आणलं, पण ते जोडणार कोण?

"दादा, इकडे या. हे फिरवा. याच वेगाने."

"मी?"

"मग कोण? मला दोनच हात आहेत! थांबू नका, थांबलात तर ते गेले."

त्याने हँडल धरलं. दंड भरून आला, घाम डोळ्यांत उतरला. "ए छोट्या, ए गाढवा, मेलास तर याद राख," तोंडाने तेवढंच चालू होतं.

"झालं, दादा. सोडा आता."

नवं यंत्र सुरू झालं होतं, तरी बाईला दोनदा सांगावं लागलं. मग तो तिथेच फरशीवर मटकन बसला.

डॉक्टरांनी कपाळ पुसलं. "तुम्हाला मघाशी काहीतरी बोलायचं होतं ना?"

"हो," थोरला म्हणाला. त्याला अजून दम लागला होता. "ते हँडल कुठे ठेवता, तेवढं मला दाखवून ठेवा."