दारावरची फांदी

सेव्हरिनने बुधवारी व्हिएन्नाहून आईला फोन केला. "आई, आमचे साहेब आणि त्यांची बायको हॅम्बुर्गहून आलेत. शनिवारी जरा वाट वाकडी करून त्यांना आपल्याकडचे द्राक्षमळे दाखवतो. जेवायला तुझ्याकडेच येऊ."

"ये ना! दोन वर्षांनी का होईना, घरचा रस्ता आठवला म्हणायचा."

"झालं तुझं सुरू!"

शनिवारी गाडीत तो साहेबांना ऐटीत सांगत होता, "आमच्या गावात घरोघरी स्वतःच्या मळ्यातली वाइन विकतात, आमची आईसुद्धा. पण पाट्याबिट्या नसतात. ज्याच्या दारावर पाइनची हिरवी फांदी टांगलेली, त्याच्याकडे वाइन प्यायला खुशाल आत शिरायचं. फांदी नसली की समजायचं, आज बंद."

गल्लीत सगळ्या दारांवर फांद्या होत्या. आईच्या दारावर नव्हती.

सेव्हरिनचा चेहरा पडला. खाली न उतरताच त्याने गाडी वळवली. पलीकडच्या गावात पाहुण्यांसमोर ग्लास आले, तसा तो उठून अंगणात गेला आणि फोनवर आईवर तोंडसुख घेऊ लागला. "एवढं सांगून ठेवलं होतं ना? नेमकं आजच बंद ठेवायचं सुचलं? साहेबांसमोर पार शोभा झाली माझी!"

"दार तरी वाजवायचंस."

"बंद दुकानाचं?"



"फांदी गिऱ्हाइकांसाठी असते रे," आई म्हणाली. "आज मुलगा येणार होता, म्हणून काढून ठेवली होती."